निळ्या दोऱ्याची जोडी

डॉ. हिरेमठांनी हात पुढे केले, पण माझ्यापुढे नाही.

अकरा वर्षं ते हात माझ्यापुढेच आले होते. मी ग्लोव्हचं तोंड ताणून धरायचं, त्यांनी हात आत सारायचा आणि मी मनगटावर कड हलकेच सोडायची. त्या दिवशीही मी तशीच ताणून उभी होते आणि ते म्हणाले, "कुंभोजकर सिस्टर, आज सातपुतेंना घालू द्या. तुम्ही बाहेरचं बघा."

बाहेरचं बघा म्हणजे स्क्रब होऊ नका. टेबलाला हात लावायचा नाही, लागेल ते कपाटातून काढून द्यायचं, रक्त टिपायचे मॉप मोजायचे, दिवा वळवायचा. हे काम नवीन मुलींचं. मी हातातला ग्लोव्ह खाली ठेवला आणि दिवा वळवायला गेले. मास्क होता म्हणून बरं, नाहीतर माझं तोंड सगळ्यांनी पाहिलं असतं.

ही शहाण्णव सालची गोष्ट. गाव मिरज. हॉस्पिटलचं नाव सांगत नाही, आता तिथं सगळंच बदललंय. मी थिएटरची इन्चार्ज होते आणि रूथ सातपुते येऊन जेमतेम चार महिने झाले होते. चोवीस-पंचवीसची, काळीसावळी, बोलायला कमी. पण हात! सरांनी मागायच्या आधी आर्टरी, म्हणजे रक्तवाहिनी पकडायचा चिमटा, त्यांच्या तळव्यात असायची. सर बोलता बोलता थांबायचे, तोवर पुढचं हत्यार आलेलं असायचं. मला तिथवर यायला सहा वर्षं लागली होती आणि ही पोरगी चार महिन्यांत पोचली.

मी तिच्या हातांवरून नजर काढू शकत नव्हते. खोटं कशाला सांगू, नवऱ्याकडेही मी इतकं निरखून कधी पाहिलं नव्हतं. डाव्या करंगळीवर भाजल्याचा जुना डाग, नखं अगदी मुळापासून कापलेली, उजव्या अंगठ्याला एक बारीक तीळ. कुठं चुकते, कुठं अडखळते, कुठं थरथरते, एवढंच मी शोधत असायची. सापडत काहीच नव्हतं.

मग ऑक्टोबरात एक दिवस सापडलं. चहा पिताना तिनं कप धरला आणि मला तिच्या हाताच्या मागच्या बाजूला लालसर ठिपके दिसले, डास चावल्यासारखे, पण एकमेकांना चिकटलेले.

"हे काय गं?"

"काही नाही सिस्टर, काल मिरच्या वाटल्या." तिनं पदराखाली हात घेतला.

मी मनात म्हटलं, चला, हे हातही काही देवाकडून घडवून आणलेले नाहीत.

आमच्याकडे तेव्हा ग्लोव्हज एकदा वापरून टाकून देत नसत. वापरलेले धुवायचे, फुगवून भोकं बघायची, वाळत घालायचे आणि मग मोठ्या पत्र्याच्या डब्यात पावडर घालून, झाकण लावून खळाखळा हलवायचे. आतबाहेर पावडर बसली की कापडात जोड्या बांधून, वाफेवर निर्जंतुक करायला ऑटोक्लेव्हच्या ड्रममध्ये. हे सगळं मागच्या एका बारक्या खोलीत चालायचं. खिडकी होती, पण पावडर उडते म्हणून ती लावून घ्यायची. हौसाबाई नावाची आया वर्षानुवर्षं तिथं काम करायची. ती दुपारी बाहेर आली की भुवयासुद्धा पांढऱ्या.

"गिरणीतनं आल्यावानी दिसतोय न्हवं मी?" ती म्हणायची. "निस्तं पीठ घरी न्यायचं ऱ्हायलंय."

सरांनी ज्या आठवड्यात मला दिवा वळवायला लावलं, त्याच आठवड्यात मी रूथची ड्यूटी तीन आठवड्यांसाठी त्या खोलीत लावली. स्टाफ नर्सला तिथं कुणी कधी घालत नसे. पण इन्चार्ज मी होते आणि ड्यूटीचा तक्ता माझ्या हातात होता.

ती गेली. दुसऱ्या दिवसापासून शिंका सुरू झाल्या. एक, दोन नाही, वीस-वीस. डोळे लाल, नाक गळतंय. आठवड्याभरात खोकला आला. हौसाबाई मला येऊन म्हणाली, "शिस्टर, त्या पोरीचा ऊर वाजतोय बघा. माजराच्या पिल्लागत. तिला भाईर काढा तिथनं."

"तुझा कधी वाजला का?"

"माझं कातडं म्हशीचं हाय. तिचं न्हाई."

"मग नर्स कशाला झाली?" मी म्हटलं. हौसाबाईनं माझ्याकडे असं बघितलं की मी तिथून उठले.

नंतर रूथ स्वतः आली. "सिस्टर, मला ही पावडर सोसत नाही. ग्लोव्ह घातला की हात पेटतो आणि त्या खोलीत गेलं की श्वास लागतो."

"आम्हाला बरी अकरा वर्षं सोसली."

"तुमचं चांगलंय," ती म्हणाली. तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. मला तो हवा होता, म्हणजे भांडता आलं असतं.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. थिएटरमध्ये दरवर्षी सत्यनारायण असायचा. त्या वर्षी रूथनं प्रसाद हातात घेतला, नमस्कार केला आणि शिरा न खाता गुपचूप हौसाबाईच्या हातावर ठेवला. मी ते पाहिलं. माझा तर तिळपापड झाला. "आमचा प्रसाद चालत नाही वाटतं हिला," मी चार जणींना ऐकू जाईल असं म्हणाले. रूथ म्हणाली, "तसं नाही सिस्टर, त्यात केळं असतं." मी म्हटलं, "मग? केळ्याचा काय धर्म असतो?" सगळ्या हसल्या.

तीन आठवडे संपून ती थिएटरला परत आली, तेव्हा तिनं आपली तोड काढली होती. स्वतःसाठी ग्लोव्हजच्या चार जोड्या वेगळ्या ठेवायच्या, गरम पाण्यात तीन-तीनदा खळबळून घ्यायच्या, उलट करून पुन्हा, आणि पावडर न लावता बांधायच्या. कोरडा हात त्यात जात नाही, म्हणून ती हात जरासा ओला ठेवून घालायची. ओळखायला गाठोड्यावर निळा दोरा. भरतकामाचा, दुपदरी. ड्रम मी भरायची, तेव्हा निळ्या दोऱ्याची जोडी तिच्या ऑपरेशनच्या ड्रममध्ये मीच टाकायची.

तिचे हात थोडे निवले. आणि वर तिनं सरांना सांगितलं, की सर, ही पावडर पेशंटच्या पोटात राहिली तर आतडी चिकटतात म्हणे, आपण घालून झाल्यावर ग्लोव्हज पुसून घेऊ या का. सर भर थिएटरमध्ये म्हणाले, "बघा! डोकं चालवते ही पोरगी."

अकरा वर्षांत माझ्या डोक्याबद्दल ते काही बोलले नव्हते.

डिसेंबरात फळ्यावर सोमवारची यादी लागली. स्वादुपिंडाचं मोठं ऑपरेशन, सहा-सात तासांचं, आमच्या हॉस्पिटलातलं पहिलंच. पेशंट तासगावचे एक शिक्षक. सर्जन, डॉ. हिरेमठ. भूल, डॉ. झारापकर मॅडम. स्क्रब, सातपुते. बाहेरचं, कुंभोजकर.

मी फळ्यासमोर उभी राहिले. खडूनं लिहिलेलं नाव हातानं पुसता येतं, हे मला तेवढा वेळ सुचत राहिलं.

शनिवारी दुपारी मी सोमवारचे ड्रम भरायला बसले. रूथची निळ्या दोऱ्याची जोडी तिथंच होती. शेजारी नव्या ग्लोव्हजचं उघडं खोकं होतं, न धुतलेल्या, भरपूर पावडरच्या. मी निळा दोरा सोडला. तिची जोडी बाजूला ठेवली. खोक्यातली एक नवी जोडी घेतली, कडेवरची पावडर ओल्या फडक्यानं पुसून काढली, म्हणजे उघडल्या उघडल्या तिला दिसायला नको. बोटांच्या आत होती ती तशीच राहू दिली. जोडी बांधली आणि वर निळा दोरा बांधला, दुपदरी, तिच्यासारखीच गाठ मारून.

तिला मारायचं नव्हतं मला. हे मी पुष्कळ वेळा स्वतःला सांगितलंय आणि ते खरं आहे. मला एवढंच हवं होतं, की तिनं ती जोडी घालावी, काहीही होऊ नये, आणि मग मी सगळ्यांसमोर म्हणावं, बघा, साधेच ग्लोव्हज होते, एवढे दिवस हिचं नाटक चाललं होतं. आणि काही झालंच तर हात खाजतील, ती टेबलावरून बाजूला होईल. दोन्हीकडून माझंच भलं. एवढाच हिशेब मी केला होता.

सोमवारी सकाळी पेशंटला भूल दिली. रूथनं हात धुतले, गाऊन घातला, निळा दोरा सोडला. पहिल्या ग्लोव्हमध्ये बोटं घातली आणि ती थांबली. मास्कच्या वर तिचे डोळे माझ्याकडे वळले. फार नाही, श्वास घेऊन सोडावा इतका वेळ.

"सातपुते, चला," सर म्हणाले. ते हात पुढे करून उभे होते.

तिनं दुसरा ग्लोव्ह घातला आणि मग सरांना घातले.

वीस मिनिटं सगळं ठीक चाललं. मग तिनं एक आर्टरी द्यायला उशीर केला. मी पाहिलं आणि मला, देवाशप्पथ, आनंद झाला. मग ती खोकली. मग तिच्या कपाळावर, टोपीच्या कडेखाली, लाल गांधी उठायला लागल्या आणि डोळ्यांच्या पापण्या बघता बघता सुजल्या. ती म्हणाली, "सर, मला..." आणि हत्यारांच्या ट्रॉलीवर न पडता मागे पडली. पडतानासुद्धा तिनं टेबल सांभाळलं.

झारापकर मॅडमनी डोकं शांत ठेवलं. "तू पेशंटचा श्वास बघ," असं भूल देणाऱ्या ज्युनियरला ओरडून त्या जमिनीवर बसल्या. "ग्लोव्हज काढा तिचे! आधी ग्लोव्हज! ॲड्रिनलिन भरा!" ओठ निळे पडले होते. मी तिच्या हातातले ग्लोव्हज ओढून काढले. बोटांतून पावडर माझ्या मांडीवर सांडली. हात मनगटापर्यंत फुगून करंगळीवरचा डाग दिसेनासा झाला होता.

तिला स्ट्रेचरवरून शेजारच्या खोलीत नेलं. पेशंटचं पोट उघडं होतं.

"कुंभोजकर सिस्टर," सर म्हणाले, "स्क्रब व्हा."

मी हात धुतले. सरांचे ग्लोव्हज बदलायचे होते. त्यांनी हात पुढे केले, माझ्यापुढे. मी ग्लोव्ह ताणून धरला. मला हवं होतं ते सगळं अगदी तसंच घडत होतं.

साडेपाच तास मी उभी होते. भिंतीपलीकडे ती जिवंत आहे की नाही हे मला माहीत नव्हतं आणि विचारायची हिंमत नव्हती. माझं एकही हत्यार चुकलं नाही. शेवटचा टाका पडल्यावर सर म्हणाले, "शाब्बास, सिस्टर." ते शिक्षक पुढे पुष्कळ वर्षं जगले.

रूथ वाचली. दुसऱ्या दिवशी मेट्रनबाई चौकशीला तिच्या खाटेशी आल्या. झारापकर मॅडम होत्या, सर होते, आणि थिएटरची इन्चार्ज म्हणून मी.

मॅडम म्हणाल्या, "ही रबराची ॲलर्जी आहे. रबरातलं काहीतरी पावडरला चिकटतं आणि हवेत उडतं, नाकातून आत जातं. वर्षानुवर्षं ग्लोव्हज घालणाऱ्यांना होते. रूथ, केळं खाल्लं की ओठ खाजतात का तुझे?"

रूथनं मान हलवली.

"तेही याच्यातलंच. रबर ज्यांना बाधतं त्यांच्यातल्या कित्येकांना केळं बाधतं."

सत्यनारायणाच्या दिवशी मी केलेल्या विनोदावर हसलेल्यांत मीच सगळ्यात मोठ्यानं हसले होते.

मेट्रनबाईंनी विचारलं, "पण तुझी जोडी वेगळी असते म्हणे. मग ही कुठून आली? ड्रम कुणी भरला होता?"

आता संपलं, असं मला वाटलं.

"माझीच चूक झाली, मॅडम," रूथ म्हणाली. घसा बसला होता, आवाज फुटत नव्हता. "घाईत मी दुसरीच जोडी उचलली. नेहमीची."

"निळा दोरा न बघता?"

"न बघता."

मेट्रनबाईंनी लिहून घेतलं. झारापकर मॅडम म्हणाल्या, "बरं आता ऐका. ही चूक हिची नाही. कुणाचीही चूक न होता हे उद्या दुसरीला होणार आहे. धुतलेलं रबरसुद्धा रबरच असतं. ती पावडरची खोली बंद करा." सरांनी मान डोलावली. सर मान डोलावतात तेव्हा ते होतं, हे सगळ्यांना माहीत होतं.

मधल्या दोन दिवसांत मी धड जेवले नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी मी एकटी तिच्याकडे गेले. ती खिडकीशी बसून तांदळाची पेज पीत होती. मी स्टुलावर बसले आणि सरळ म्हटलं, "तू खोटं का बोललीस?"

"तुम्ही दोरा छान बांधला होता," ती म्हणाली. "गाठ माझ्यापेक्षा नीट होती. बोटं आत गेल्यावर कळलं मला."

"मग काढलेस का नाहीत?"

"पेशंट झोपवलेला. सर हात धरून उभे. वाटलं, निभावेल. आणि मला पण तुम्हाला दाखवायचं होतं, की मी नाजूक नाही."

मला रडू आलं. माझ्या रडण्याचा तिला कंटाळा आल्यासारखं दिसलं.

"माझं नाव का नाही घेतलंस?"

"घेतलं असतं तर काय झालं असतं सिस्टर? दोन बायकांचं भांडण, एकीनं दुसरीवर डूख धरला, संपलं. तुम्हाला काढून टाकलं असतं आणि पावडर तशीच उडत राहिली असती. त्या खोलीत दुसरी कुणी बसली असती. आता नाव रबराचं आलंय. आता त्यांना काहीतरी करावंच लागेल."

मी तिच्याकडे बघत राहिले. दोन दिवसांपूर्वी मरता मरता वाचलेली मुलगी, आणि हे सगळं तिनं खाटेवर पडल्या पडल्या, ऑक्सिजनची नळी नाकात असताना ठरवलं होतं. खरं सांगते, मला तेव्हा पश्चात्तापाच्या आधी पुन्हा हेवाच वाटला. इथंसुद्धा ही माझ्या पुढे गेली.

"तू थिएटरला परत येशील?"

"नाही. मॅडम म्हणतात, आता कधीच नाही. रबराच्या जवळपाससुद्धा नाही." तिनं पेजेचं भांडं खाली ठेवलं आणि आपले दोन्ही हात मांडीवर पसरून बघितले. सूज उतरली होती, कातडं सोलल्यासारखं दिसत होतं. "शिकवायला जाईन म्हणते. नर्सिंगच्या शाळेत."

मी पेजेचं भांडं उचलून खिडकीत ठेवलं.

"सिस्टर, एक काम कराल?"

"सांग. काहीही सांग."

"माझे हात तुमच्याइतके कुणीच बघितलेले नाहीत. पुरळ आलं ते तुम्हाला कळलं, माझ्या आईला कळलं नव्हतं. तसंच आता सगळ्यांचे बघा. दर सोमवारी. पोरी सांगत नाहीत, टेबलावरून काढतील म्हणून लपवतात. मीही लपवलं. पण तुमच्यापासून काही लपत नाही."

ती टोचून बोलत होती की विनवत होती, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

पावडरची खोली जानेवारीत बंद झाली. हौसाबाई म्हणाली, "आता माझ्या भुवया काळ्याच ऱ्हाणार म्हनायच्या," आणि वॉर्डात गेली. नवे ग्लोव्हज बिनपावडरचे आले, सरांचे हात आत जाताना अडायचे, ते कुरकुरायचे, मी ऐकून घ्यायची. साफसफाईला आणि वॉर्डातल्या कामाला रबराऐवजी प्लास्टिकचे ग्लोव्हज आले. आणि दर सोमवारी सकाळी आठ वाजता थिएटरच्या दारात मी सगळ्यांचे हात बघायला लागले. आधी तळवे, मग मागची बाजू, मग मनगट. डॉक्टरांचेसुद्धा. पहिल्याच सोमवारी एका मुलीच्या बोटांमध्ये बारीक लाल ठिपके दिसले.

"काही नाही सिस्टर, मिरच्या वाटल्या."

"चल," मी म्हटलं, "झारापकर मॅडमकडे चल. टेबल तुझंच राहील, माझा शब्द."

असे बावीस वर्षांचे सोमवार झाले. चौदा जणी सापडल्या, तीन डॉक्टर. एकीलाही जमिनीवर पडू दिलं नाही.

निवृत्तीच्या दिवशी छोटा समारंभ झाला. हार, नारळ, भाषणं. कुणीतरी तरुण डॉक्टर म्हणाला, "सिस्टरांना पुरळ उठायच्या आधी कळायचं. ही नजर आली कुठून, हे त्यांनी आज सांगावं."

मी माईकपाशी गेले आणि म्हटलं, "एका मुलीचा मी फार हेवा करायची, तेव्हा आली."

हॉलभर सगळे खळखळून हसले. त्यांना वाटलं, सिस्टर जाता जाता थट्टा करतायत.

शेवटच्या रांगेत रूथ बसली होती. केस पिकले होते, चष्मा लागला होता. ती हसली नाही. तिनं दोन्ही हात डोक्याच्या वर उचलले. आधी तळवे दाखवले, मग मागची बाजू, मग मनगट.

मी तेवढ्या लांबूनही नीट बघितले. स्वच्छ होते.